रडणं बाळाचं, झडती दोघांची

तान्हं बाळ संध्याकाळी सहाला रडायला लागलं आणि साडेआठपर्यंत थांबलं नाही, की घरातलं कुणीतरी आईला विचारतंच, "आज काय खाल्लंस?" हरभऱ्याची डाळ खाल्ली असशील, वांगं खाल्लं असशील, फ्रिजमधलं गार पाणी प्यायली असशील. तसलं काही खाल्लं नसेल तर दूध पुरत नसेल. दूध पुरत असेल तर ढेकर नीट काढत नसशील. कान बांधले नव्हते, वारं लागलं. बारशाला आलेल्या कुणाची तरी दृष्ट लागली, आणि तीट लावायला विसरलं कोण, तर आईच. सारखं उचलून घेतलं म्हणून हाताची सवय लागली; उचललं नाही तर कुणी घेत नाही म्हणून रडतंय. यादी कितीही लांबवा, शेवटच्या ओळीत एकाच बाईचं नाव निघतं. त्या बाईला बाळंत होऊन जेमतेम महिना झालेला असतो आणि सलग तीन तास झोप कधी मिळाली होती हे तिला आठवत नसतं.

मला वाटतं, सांभाळायला अवघड अशा बाळामुळे नवरा-बायकोच्या नात्यावर जो ताण येतो, त्यात रडण्यापेक्षा या झडतीचा वाटा मोठा असतो. रडणं सोसवतं. झोपमोडही सोसवते, निदान काही महिने. पण रडण्याला कारण असलंच पाहिजे आणि कारण आहे म्हणजे कुणाची तरी चूक आहे, हा हिशेब एकदा घरात शिरला की बाळ शांत झाल्यावरही तो बाहेर पडत नाही. सुरुवातीला तो सासू-सुनेत असतो, कधी मायलेकींत असतो, आणि बघता बघता नवरा-बायकोच्या दोन उशांच्या मधोमध येऊन बसतो.

या कारणाच्या शोधाबद्दल बालरोगतज्ज्ञांना एक गैरसोयीची गोष्ट सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये काम करणाऱ्या डॉ. मॉरिस वेसेल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रडण्याची एक व्याख्या मांडली. धडधाकट, नीट पिणारं बाळ दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, असं ३ आठवड्यांहून अधिक काळ रडत राहिलं तर त्याला कॉलिक म्हणावं. आपल्याकडे यालाच पोटात कळ येणं, गॅस होणं म्हणतात. पण व्याख्या पुन्हा वाचा: तिच्यात घड्याळ आहे, पोट कुठेच नाही. मग १९६२ साली बेरी ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांकडून रडण्याच्या रोजनिशा लिहून घेतल्या. बाळं सगळी ठणठणीत. दुसऱ्या आठवड्यात ती दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती, सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास, आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तासाभरावर आली होती. रडण्याची मुख्य वेळ संध्याकाळची. म्हणजे रडण्याचा हा डोंगर सगळीच बाळं चढतात आणि उतरतात. काहींचा डोंगर जास्त उंच असतो, एवढंच.

मग कुणीतरी म्हणतं, ही अमेरिकेतली बाळं, पाळण्यात एकटी टाकलेली, रडणारच. हा आक्षेप रोनाल्ड बार या संशोधकांनी गंभीरपणे घेतला. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या कुंग लोकांच्या आया बाळाला जवळजवळ दिवसभर अंगावर वागवतात आणि तासातून अनेकदा पाजतात. त्यांच्या बाळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रडण्याचा तोच चढ-उतार तिथेही निघाला. फरक एवढाच, की बाळं तितक्याच वेळा रडत होती, पण दर वेळचं रडणं लवकर आटोपत होतं. थोडक्यात, घेतल्याने रडणं तोकडं होतं, नाहीसं होत नाही. "हाताची सवय लावलीस" आणि "घेत नाहीस म्हणून रडतो" हे दोन्ही आरोप एकाच वेळी निकालात निघतात. पण ही बातमी आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत अजून पोचलेली नाही.

याचा अर्थ कारण कधीच नसतं असा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, ते दूध ओढत नसेल, हिरवी उलटी करत असेल, शीमध्ये रक्त दिसत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे लेख वाचत बसायचं नाही. थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनांचा त्रास असतो, तोही डॉक्टरच ओळखतात. पण तपासून झाल्यावर बहुतेक आई-बाप "सगळं नॉर्मल आहे" हे वाक्य घेऊन घरी परततात, आणि मला हे वाक्य फार धोक्याचं वाटतं. रिक्षात बसेपर्यंत त्याचे दोन अर्थ झालेले असतात. नवऱ्याला ऐकू येतं, काळजीचं कारण नाही, उगाच घाबरतेस. बायकोला ऐकू येतं, तू जे भोगतेयस त्याची कुठल्या कागदावर नोंद होणार नाही. वाक्य एकच असतं आणि त्या रात्री भांडण त्यावरच होतं.

कारण सापडत नाही तिथे उपाय मात्र भरपूर असतात, आणि प्रत्येक उपायाला एक मालक असतो. आजीची सहाण निघते. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, सुंठ, बाळहिरडा, एकेकाचे मोजून वळसे. दुसरीकडे ग्राइप वॉटरची बाटली. विल्यम वुडवर्ड नावाच्या इंग्रज औषधविक्याने नॉटिंगहॅममध्ये १८५१ साली ते बाजारात आणलं. त्यात बडीशेपेच्या जातीतल्या शेपूचं तेल, सोडा आणि बऱ्यापैकी मद्यार्क असे. बाळं त्या काळी शांत का होत असतील, हे वेगळं सांगायला नको. आजचे डॉक्टर सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही द्यायचं नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, पाणीसुद्धा नाही. मग एका हाताला सहाण, दुसऱ्या हाताला डॉक्टरांचा कागद, आणि मध्ये नवरा. तो म्हणतो, "एक चमचा दिली तर काय बिघडतंय? मीपण गुटीवरच वाढलोय." त्याच्या दृष्टीने त्याने घरातली कटकट मिटवली. तिच्या दृष्टीने त्याने आपली बाजू जाहीर केली. गुटीचा विषय महिन्याभरात संपतो. पण "त्या वेळी तू आईच्या बाजूने उभा राहिलास" हे वाक्य मी लग्नाला वीस वर्षं झालेल्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ते सांगताना त्यांना तारीखही आठवत असते.

रडण्याचा डोंगर उतरल्यावरही काही मुलं अवघडच राहतात. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या मानसोपचारतज्ज्ञांनी, जे स्वतः नवरा-बायको होते, १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये शंभरावर मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला. त्या काळी मूल बिघडलं तर बोट आईकडे दाखवायची रीत मानसशास्त्रातही होती. आपल्या आज्या काही एकट्या नव्हत्या. चेस आणि थॉमस यांचं म्हणणं पडलं की मुलं आपापला स्वभाव घेऊनच येतात. त्यांच्या पाहणीत सुमारे ४० टक्के मुलं सोपी निघाली, १५ टक्के हळूहळू रुळणारी आणि १० टक्के अवघड. बाकीची कुठल्याच खणात न बसणारी. अवघड म्हणजे झोपेची, भुकेची वेळ धड नाही, नवीन काहीही आलं की विरोध, आणि रडणं-चिडणं सगळं वरच्या पट्टीत. आपल्याकडे याला किरकिरं पोर म्हणतात. पण त्यांचा पुढचा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो: मुलाचं पुढे काय होणार हे एकट्या स्वभावावर ठरत नाही, त्या स्वभावाचा आणि घराचा मेळ कसा बसतो त्यावर ठरतं. अवघड मूल ज्या घरात आलं, त्या घरातल्या दोघांच्या स्वभावांचं काय? एकाला वेळापत्रक लागतं, दुसऱ्याला नाही. एकजण आवाजाने पिसाळतो, दुसरा आवाजात घोरतो. लग्नानंतर पाच वर्षं हे फरक गमतीचे असतात, मित्रमंडळींत सांगायचे किस्से असतात. किरकिरं मूल आलं की तेच फरक रोज रात्री परीक्षेला बसतात.

माझ्या परिचयातलं वाकडमधलं एक घर डोळ्यांसमोर येतं. दोघेही आयटीतले, दोन खोल्यांचा फ्लॅट, बाळ दीड महिन्याचं. त्यांना शोध लागला होता की स्वयंपाकघरातली चिमणी सगळ्यात मोठ्या वेगावर लावली की बाळ गप्प होतं. म्हणून रात्री तीनला नवरा बाळाला खांद्यावर टाकून गॅसच्या ओट्यासमोर उभा राही, शेगडी बंद, चिमणी चालू, आणि एका हाताने फोनमधल्या तक्त्यात नोंद करी. २:१० डावीकडे पाजलं, २:४० ढेकर, ३:०५ रडणं सुरू. त्याचं म्हणणं, नोंदी ठेवल्या की काहीतरी सूत्र हाती लागेल. तो मनापासून मदत करत होता, याबद्दल मला शंका नाही. एका सकाळी त्याने तिला सांगितलं, "बघ, तू उजवीकडे आधी पाजतेस त्या दिवशी जास्त रडतो असं दिसतंय." ती काही बोलली नाही. दुपारी मी गेले होते तेव्हा मला म्हणाली, "मावशी, हा माझ्यावर फाइल तयार करतोय." मला हसू आलं आणि लगेच ते मावळलं, कारण ती विनोद करत नव्हती. त्याला जी माहिती वाटत होती, ती तिला पुरावा वाटत होती. डाळ-वांग्याच्या चौकशीला त्याने तक्त्याचं रूप दिलं होतं, इतकंच.

पण पुरुषाचीही एक बाजू आहे, आणि तिच्याबद्दल बायका फारशा बोलत नाहीत. तो बाळाला उचलतो आणि दुसऱ्या सेकंदाला सूचना येते, "अरे, मान! मान धर ना नीट!" तो लंगोट बदलतो, ती येऊन पुन्हा सोडून बांधते. तो थोपटायला लागतो, तर "असं नाही, पाठीवर वर्तुळात". चौथ्या वेळी तो बाळ तिच्या हातात देतो आणि म्हणतो, "घे, तुझ्याकडेच गप्प बसतो." या वाक्यात हार असते, थोडा राग असतो आणि थोडी सुटकाही असते. तिला फक्त सुटका दिसते. मग ती म्हणते, याला काहीच जमत नाही. आणि ज्याला काहीच जमत नाही त्याला काही शिकायचं कारण उरत नाही. पहिल्या महिन्यात ठरलेली ही वाटणी मूल दहावीला जाईपर्यंत टिकते. शाळेतल्या पालकसभेला कोण जातं ते पाहा.

आणि मग ते सोंग. पहाटे बाळ कुजबुजल्यासारखा आवाज काढतं. दोघेही जागे झालेले असतात, दोघेही डोळे मिटून श्वास संथ ठेवतात. जो आधी हलतो तो उठतो. हे सोंग दोघांनाही कळत असतं, त्यामुळे सकाळी चहा करताना भांडी जरा जोरात आपटतात. त्यात प्रेमाचा अभाव शोधण्यात अर्थ नाही. झोप मोडलेल्या माणसाला समोरच्याच्या साध्या वाक्यातही टोमणा ऐकू येतो. सलग महिनाभर असं झालं की दोन सज्जन माणसं एकमेकांना कोत्या मनाची वाटू लागतात.

आपल्याकडे अजूनही बिनसलेल्या जोडप्याला वडीलधारे सांगतात, "एक मूल होऊ द्या, सगळं सुरळीत होईल." अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ ई. ई. लेमास्टर्स यांनी १९५७ साली पहिलं मूल झालेल्या ४६ मध्यमवर्गीय जोडप्यांशी बोलून लिहिलं की त्यांतल्या ३८ जोडप्यांना मूल येणं हे मोठं संकट वाटलं होतं. तेव्हा लोकांना हे बोलणं आवडलं नाही. पुढे २००९ मध्ये ब्रायन डॉस आणि सहकाऱ्यांनी २१८ जोडप्यांचा आठ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा चित्र जरा बारकाव्याने दिसलं. मूल झाल्यावर नात्यातलं समाधान एकदम घसरलं हे खरं. पण मूल नसलेल्या जोडप्यांचं समाधानही त्या वर्षांत हळूहळू उतरलंच. मूल नातं मोडत नाही; जे दहा वर्षांत सावकाश उघडं पडलं असतं, ते एका हंगामात उघडं पाडतं. म्हणून मूल होऊन सुरळीत होण्याची आशा मला क्रूर वाटते, मोठ्यांवर आणि बाळावरही.

इथे आपल्या जुन्या व्यवस्थेचा विषय काढावाच लागतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही प्रथा मी मोडीत काढणार नाही. आईच्या घरी मुलीला आडवं पडता येतं, डिंकाचा लाडू आणि अळिवाची खीर आयती मिळते, "दमले" म्हणता येतं. सासरी पूर्वी असं म्हणता येत नव्हतं आणि अनेक घरांत आजही येत नाही. पण या व्यवस्थेत बाप कुठे असतो? रविवारी, फळांची पिशवी घेऊन, बाहेरच्या खोलीत. बाळ आणून त्याच्या मांडीवर ठेवतात, फोटो काढतात, ते रडलं की आत नेतात. तीन महिन्यांनी आई-बाळ घरी येतात तेव्हा ती या विषयातली जाणकार झालेली असते आणि तो कोराच असतो. रडण्याचा सगळ्यात वाईट काळ त्याने पाहिलेलाच नसतो. "इतकं काय त्यात?" असं तो प्रामाणिकपणे विचारू शकतो, कारण सहाव्या आठवड्यातली संध्याकाळ त्याच्या वाट्याला आलेलीच नसते.

ज्यांचं बाळंतपण सासरी किंवा आपल्याच फ्लॅटमध्ये होतं, त्यांच्या बाबतीत वेळेचा आणखी एक घोळ आहे. आपली सगळी मदत सव्वा महिन्याच्या मापाने बेतलेली असते. मालिशवाली बाई चाळीस दिवसांसाठी लावलेली, आईची रजा तेवढीच, शेक-शेगडी तेवढीच. सव्वा महिना झाला की देवदर्शन होतं, पाहुणे जातात आणि बाळंतीण "मोकळी" होते. ब्रेझल्टन यांच्या नोंदींत रडणं शिखरावर पोचतं ते सहाव्या आठवड्यात, म्हणजे बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास. ज्या आठवड्यात माणसं सगळ्यात जास्त लागतात, त्याच आठवड्यात घर रिकामं होतं. हा चाळीस दिवसांचा आडाखा बाईचं शरीर भरून येण्यासाठी होता आणि त्या कामापुरता तो शहाणपणाचाही होता. बाळाच्या रडण्याचं वेळापत्रक त्यात कुणी धरलंच नव्हतं, कारण पूर्वी एक्केचाळिसाव्या दिवशी घर रिकामं होत नसे.

म्हणून एकत्र कुटुंब परत आणा, असं म्हणणाऱ्यांशी माझं अर्धंच पटतं. मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की माणसाचं पोर एकट्या आईने वाढवावं अशी माणसाची घडणच नाही. आज्या, मावश्या, मोठी भावंडं, शेजारणी असे अनेक हात गृहीत धरूनच आपण उत्क्रांत झालो. हे पटण्यासारखं आहे. पण आपल्या वाड्यातल्या हातांना तोंडंही होती. आणि वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घ्यायला पुरुषाला लाज वाटावी अशी रीत होती. भावाचं पोर खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस आपलं पोर रडलं की अंगणात जाई. त्या घरांत नवरा-बायकोची भांडणं कमी होती असं जे म्हणतात, त्यांना मी एवढंच विचारेन की भांडायला खोली होती का?

बापाच्या गैरहजेरीला आपण इतके सरावलो आहोत की गोष्टींतही ती खटकत नाही. तान्ह्या बाळासाठी रायगडाचा कडा रात्री उतरून गेलेली हिरकणी सगळ्यांना ठाऊक असते. बाळाचा बाप त्या रात्री कुठे होता, हे सांगणाऱ्याच्या मर्जीवर असतं. आज एसटीच्या स्थानकांत तिच्या नावाचे कक्ष आहेत. पाजणाऱ्या आईला आडोसा हवा, याबद्दल वाद नाही. पण बाळाचं दुपटं बदलायला बापाने स्थानकात कुठे जावं, याचं उत्तर कुणी ठरवलेलं नाही. विचारलंच नाही कुणी.

कायदाही याच सुरात बोलतो. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही, कंपनीची मर्जी. म्हणजे सहाव्या आठवड्यात ती घरी असणार आणि तो कामावर, हे त्या दोघांनी बोलून ठरवण्याआधीच ठरून गेलेलं असतं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची तरी देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के; करणाऱ्यांतही बायकांचा वेळ दिवसाला सुमारे १४० मिनिटं आणि पुरुषांचा ७४. जी व्यक्ती खोलीत असते तिच्यावरच संशय येतो. झडतीचं मूळ कुणाच्या दुष्टपणात असण्यापेक्षा या साध्या हजेरीच्या हिशेबात जास्त आहे.

यापलीकडची गोष्ट गंभीर आहे. गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांचा पाठपुरावा केला. २००२ साली त्यांनी निष्कर्ष छापले: बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाळ सहा महिन्यांचं झालं तरी त्यातून बाहेर आल्या नव्हत्या. बहुतेकींना त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, आणि मुलगी झाल्याची नाराजी, यांच्याशी त्याचा संबंध दिसला. इथे मला माझा स्वतःचा युक्तिवाद थोडा आवरता घ्यावा लागतो. ज्या घरात हात उचलला जातो तिथे "झडती" हा फार सौम्य शब्द आहे, आणि तिथे बाळाच्या रडण्यावर बोलत बसणं म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणं. बापांबद्दल बोलायचं तर २०१० मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांची बेरीज करून असं दिसलं की सुमारे दहातल्या एका बापाला या काळात नैराश्य येतं, आणि आईला असेल तर त्याला असण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे असा बाप "ऑफिसात जास्त वेळ बसायला लागला" एवढाच दिसतो.

मग ज्यांचं नातं मुळात बरं आहे, त्यांनी करायचं काय? मला "एकमेकांना वेळ द्या" छापाच्या सल्ल्यांचा कंटाळा आहे. महिन्यातून एकदा बाहेर जेवायला जाऊन झोपेची उधारी फिटत नाही. रात्रीची सरळ घड्याळाने वाटणी करावी. दहा ते दोन एकाची, दोन ते सहा दुसऱ्याची. पाजायचं असेल तर तिने पाजावं आणि बाळ त्याच्या हातात देऊन पुन्हा आडवं व्हावं; ढेकर, लंगोट, फेऱ्या त्याच्या. त्या चार तासांत ज्याची पाळी आहे त्याचा शब्द शेवटचा. तो वेडंवाकडं थोपटत असला तरी दुसऱ्याने उठून जायचं नाही. यात मदत हा शब्दच येत नाही. मदत करणारा माणूस थकला की थांबू शकतो, पाळी असलेला थांबू शकत नाही. आणि रात्री कारणाची चर्चा बंद. ज्याला सिद्धान्त सुचला असेल त्याने तो सकाळी सांगावा. बहुतेक सिद्धान्त सकाळपर्यंत टिकत नाहीत. रडणं असह्य होऊन हात शिवशिवायला लागले तर बाळाला पाठीवर, सपाट सुरक्षित जागी ठेवून दार ओढून घ्यावं आणि पाच-दहा मिनिटं बाल्कनीत उभं राहावं. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात तान्ह्या बाळाला गदागदा हलवल्याने मात्र मेंदूला कायमची इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो.

आणखी एक. नवऱ्याच्या आईला काय सांगायचं ते नवऱ्यानेच सांगावं, बायकोच्या आईला बायकोने. "आई, आता तिला काय खाल्लंस विचारायचं नाही" हे वाक्य मुलाच्या तोंडून गेलं तर सासू आठ दिवस रुसते. सुनेच्या तोंडून गेलं तर आठ वर्षं.

झडतीचा दुसरा अंक मूल मोठं झाल्यावर सुरू होतो, तेव्हा प्रश्न असतो, "कुणावर गेलाय?" हट्ट केला तर तुझ्या बापासारखा, आदळआपट केली तर तुमच्याकडचं रक्त. गोड बोललं तर मात्र दोन्ही घरं वारसा सांगायला पुढे. किरकिऱ्या मुलाच्या आई-बापांना हा अंक जास्त लांबतो. चेस आणि थॉमस यांचं ऐकायचं तर मूल कुणावर गेलंय यापेक्षा त्याच्याशी आपलं जमवायचं कसं, हे विचारणं जास्त कामाचं. पण जमवायचं म्हटलं की दोघांना एका बाजूला बसावं लागतं, आणि महिनोन्महिने समोरासमोर बसलेल्यांना ते सोपं जात नाही.

सुरुवात कुठून व्हावी, याबद्दल माझं मत ठाम आहे: लसीकरणाच्या रांगेतून. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना टोचायला नेतात. दीड महिना म्हणजे नेमका रडण्याच्या शिखराचा आठवडा. त्या दिवशी पुष्कळदा दोघेही येतात, कारण बाळ एकाला आवरत नाही. बाळाचं वजन होतं, डोक्याचा घेर मोजला जातो, आईला दूध पुरतं का ते विचारतात, बापाकडे बिलाचा किंवा केसपेपरचा कागद देतात. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठी एडिनबरोमध्ये १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एक साधी यादी आहे. जगभर वापरतात, पाच मिनिटं लागतात. तिथल्या नर्सने ती आईला विचारावी, आणि बापाला वेगळं बसवून त्यालाही. दोघांपैकी कुणी सलग चार तास कधी झोपलं होतं, हे वर एक. रांगेतली बाकीची बाळं तेवढा वेळ रडतील. नाहीतरी ती रडतच असतात.